यानात बसणारे आणि निर्णय घेणारे

शुभांशू शुक्ला १५ जुलै २०२५ रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात उतरले आणि त्यानंतर भारतात त्यांच्या सत्कारांची रीघ लागली. सत्कार व्हायलाच हवे होते. राकेश शर्मांनंतर एकेचाळीस वर्षांनी या देशाचा अंतराळवीर अवकाशात गेला आणि आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर तर भारताचा अंतराळवीर पहिल्यांदाच पोहोचला. पण शाल-श्रीफळ आणि शाळकरी मुलांच्या प्रश्नोत्तरांच्या त्या गर्दीत एक प्रश्न मागे पडला. शुक्ला आणि गगनयानासाठी त्यांच्याबरोबर निवडलेले तिघे सहकारी, प्रशांत नायर, अजित कृष्णन आणि अंगद प्रताप, यांचे पुढे काय? पुढच्या उड्डाणात कोणाचा नंबर लागणार, एवढ्यापुरता हा प्रश्न नाही. गगनयान, म्हणजे माणसाला अवकाशात नेणारे भारताचे स्वतःचे यान, माणसाला घेऊन जायला तयार आहे की नाही हे ज्या खोलीत ठरेल, त्या खोलीत या चौघांचे स्थान काय असेल? आणि पंधरा-वीस वर्षांनी आपला मानवी अवकाश कार्यक्रम चालवणाऱ्यांत यांच्यापैकी कोणी दिसेल का?

दिसायला हवे, असे माझे ठाम मत आहे. जो यानात बसतो त्याला निर्णयाच्या बैठकीत नुसते सल्ल्यापुरते बोलावून भागणार नाही. त्याच्याकडे थांबवण्याचा अधिकार हवा, आणि तो लेखी हवा. त्याचबरोबर अवकाशात जाऊन आला म्हणून कोणालाही बक्षिसासारखी सर्वोच्च खुर्ची देऊ नये, असेही मला वाटते. या दोन गोष्टी एकमेकींना छेद देणाऱ्या वाटतील. त्या का देत नाहीत हे समजून घ्यायचे तर अमेरिकेकडे पाहावे लागते, कारण हा धडा त्या देशाने दोन अपघातांत चौदा माणसे गमावून शिकला आहे. आणि तो धडा एका माणसाच्या आयुष्यात जवळजवळ सलग वाचता येतो. तो माणूस म्हणजे चार्ल्स बोल्डन. लढाऊ वैमानिक, अंतराळवीर, आणि २००९ ते २०१७ अशी साडेसात वर्षे नासाचे प्रशासक.

बोल्डन यांचा जन्म १९४६ चा, साउथ कॅरोलिना राज्यातल्या कोलंबिया शहरातला. आई-वडील दोघेही शिक्षक. गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या शाळा वेगळ्या असण्याचा तो काळ. या मुलाने शाळेत असतानाच ठरवले की नौदल अकादमीत जायचे. तिथे नुसत्या गुणांवर प्रवेश मिळत नाही, संसदेच्या सदस्याची किंवा उपराष्ट्राध्यक्षांची शिफारस लागते. साउथ कॅरोलिनातून १९६४ साली एका काळ्या मुलाला ती मिळणे शक्यच नव्हते. राज्यातल्या दोन्ही सिनेटरांनी आणि त्या भागाच्या प्रतिनिधीने नकार दिला. मुलगा मात्र आधीपासून उपराष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांना पत्रे लिहीत होता. नोव्हेंबर १९६३ मध्ये केनेडींची हत्या झाली, जॉन्सन राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्याने त्यांना पुन्हा पत्र लिहिले. काही आठवड्यांतच नौदलाचा भरती अधिकारी घरी आला. अखेर शिफारस केली ती शिकागोचे काळे काँग्रेस सदस्य विल्यम डॉसन यांनी, म्हणजे ज्यांच्या मतदारसंघाशी या मुलाचा काडीचाही संबंध नव्हता त्यांनी.

हा तपशील मी एवढ्यासाठी सांगतो आहे की 'गुणवत्तेने वर आलेला माणूस' अशी बोल्डन यांची गोष्ट सांगण्याचा मोह फार होतो. गुणवत्ता होतीच. पण ती घरात पडून राहिली असती. दार आतून उघडणारे कोणीतरी लागले, आणि ते दार त्यांच्या स्वतःच्या राज्यात बंदच होते. जे वर पोहोचले तेवढेच आपल्याला दिसतात. त्याच शाळेतून, त्याच बुद्धीचे, पण पत्राला उत्तर न आलेले किती जण असतील, याची नोंद कोणत्याही संस्थेच्या इतिहासात नसते.

पुढचा प्रवासही सरळ रेषेतला नाही. अकादमीत गेलो तेव्हा दोनच गोष्टी पक्क्या ठाऊक होत्या, मरीन कोअर या अमेरिकेच्या नौसैनिक दलात जायचे नाही आणि विमान उडवायचे नाही, असे बोल्डन स्वतः सांगत आले आहेत. प्रत्यक्षात १९६८ साली ते मरीन कोअरचे अधिकारी झाले आणि १९७० साली नौदल वैमानिक. व्हिएतनाम युद्धात थायलंडच्या नाम फाँग तळावरून त्यांनी ए-६ इंट्रूडर विमानांतून शंभराहून जास्त उड्डाणे केली. मग पॅटक्संट रिव्हर इथल्या नौदलाच्या टेस्ट पायलट स्कूलमधून १९७९ साली ते बाहेर पडले. तिथे असताना रॉन मॅकनेअर यांची गाठ पडली. मॅकनेअरही साउथ कॅरोलिनाचेच, काळे, भौतिकशास्त्रातले डॉक्टरेट, आणि १९७८ साली नासाने निवडलेल्या त्या ऐतिहासिक पस्तीस जणांच्या तुकडीतले. अर्ज करणार का, असे त्यांनी विचारले. बोल्डन म्हणाले, मला कोण घेणार! मॅकनेअर यांनी त्यांना चांगलेच सुनावले. न मागताच, मिळणार नाही हे तुला कसे कळते, असा त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ. १९८० साली बोल्डन यांची निवड झाली.

यानंतरचा जो महिना आहे, त्यावर मला जरा थांबायचे आहे. जानेवारी १९८६. बोल्डन यांचे पहिले उड्डाण, कोलंबिया हे शटल (म्हणजे पुन्हा पुन्हा वापरता येणारे, विमानासारखे उतरणारे अवकाशयान), ते स्वतः वैमानिकाच्या आसनावर. शेजारी कमांडर रॉबर्ट गिब्सन, मागे इतरांबरोबर बिल नेल्सन नावाचे एक काँग्रेस सदस्य. (हेच नेल्सन पुढे २०२१ साली नासाचे प्रशासक झाले, एकाच यानातून संस्थेचे दोन भावी प्रमुख उडाले, असा हा योग.) उड्डाण पुन्हा पुन्हा रद्द होत होते. ६ जानेवारीला उलटगणती ३१ सेकंदांवर येऊन थांबली. नंतर उघड झाले की बाहेरच्या टाकीतला द्रव ऑक्सिजन जमिनीवरच्या यंत्रणेतल्या चुकीने मोठ्या प्रमाणात वाहून गेला होता आणि नियंत्रण कक्षातल्या माणसांना ते वेळेत उमगले नव्हते. बारा-बारा तासांच्या रात्रपाळ्यांनी ती माणसे थकलेली होती. यान तसेच उडाले असते तर ठरलेल्या कक्षेत पोहोचण्याची शाश्वती नव्हती. आत बसलेल्या सात जणांना यातले काहीही कळण्याची सोय नव्हती. आपले इंधन-ऑक्सिजन पुरेसे आहे की नाही, हे ठरवणारे लोक दुसरीकडे होते.

कोलंबिया अखेर १२ जानेवारीला उडाले आणि १८ तारखेला सुखरूप उतरले. त्यानंतर दहाच दिवसांनी, २८ जानेवारीला, चॅलेंजर हे दुसरे शटल ७३ सेकंदांत फुटले. त्यात रॉन मॅकनेअर होते.

चॅलेंजरची तांत्रिक कहाणी बऱ्याच जणांना ठाऊक आहे. घन इंधनाच्या रॉकेटच्या सांध्यातली रबरी कडी थंडीत ताठर झाली आणि तिथून ज्वाळा बाहेर पडल्या. आदल्या रात्री मॉर्टन थायोकॉल या कंपनीच्या अभियंत्यांनी, तापमान सुमारे १२ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर उडवू नका, असे सांगितले होते. रात्री उशिरापर्यंत दूरध्वनीवर चर्चा झाली, व्यवस्थापनाने अभियंत्यांना बाजूला सारले आणि होकार कळवला. पण या अपघाताची चौकशी करणाऱ्या रॉजर्स आयोगाच्या जून १९८६ च्या अहवालातली जी गोष्ट मला अधिक अस्वस्थ करते ती वेगळी आहे. अंतिम होकार देणाऱ्या वरिष्ठांपर्यंत त्या रात्रीचा विरोध पोहोचलाच नव्हता. आणि सांध्यांची झीज आधीच्या उड्डाणांतही दिसली होती, ही माहिती अंतराळवीरांना कोणी दिली नव्हती. ज्यांचे प्राण त्या कडीवर टांगलेले होते त्यांना ती कडी झिजते आहे हे माहीत नव्हते. जॉन यंग, रॉबर्ट क्रिपन यांच्यासारख्या ज्येष्ठ अंतराळवीरांनी आयोगापुढे साक्ष दिली, तेव्हा त्यांच्या बोलण्यात हा घाव स्पष्ट होता.

म्हणूनच आयोगाच्या शिफारशींत एक अशी होती की पात्र अंतराळवीरांना संस्थेच्या व्यवस्थापनाच्या पदांवर आणावे. आपल्याकडे चॅलेंजरची चर्चा होते ती रबरी कड्यांपाशी संपते, या शिफारशीपर्यंत पोहोचत नाही. ती नुसती कागदावर राहिली नाही. नौदलाचे वैमानिक आणि दोन वेळा शटलमधून उडालेले रिचर्ड ट्रुली यांना शटल कार्यक्रमाचे प्रमुख केले गेले. क्रिपन यांना केप कॅनाव्हरलला उड्डाणाच्या तयारीची अंतिम जबाबदारी मिळाली. आणि बोल्डन यांना ह्यूस्टनच्या जॉन्सन केंद्रात सुरक्षा विभागाचे प्रमुख नेमले. ज्या माणसाच्या यानातला ऑक्सिजन त्याला न कळता वाहून गेला होता आणि ज्याचा मित्र दहा दिवसांनी गेला, त्याच्याकडे सुरक्षेची तपासणी आली. ३१ सेकंदांवर थांबलेली उलटगणती त्याने आतून अनुभवली होती. कागदावरची जोखीम आणि पाठीखालची जोखीम यांतले अंतर अशा माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

इथे माझ्या म्हणण्याला सर्वांत मोठा धक्का देणारी गोष्ट येते आणि ती टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. १ फेब्रुवारी २००३. परतीच्या वाटेवर कोलंबिया शटल टेक्सासच्या आकाशात विखुरले आणि कर्नालची कल्पना चावला आणि तिचे सहा सहकारी गेले. तेव्हा नासाच्या व्यवस्थापनात अंतराळवीर नव्हते का? होते. उपप्रशासक फ्रेडरिक ग्रेगरी हे हवाई दलाचे वैमानिक आणि अंतराळवीर होते. अवकाश उड्डाण विभागाचे प्रमुख विल्यम रेडी हे नौदलाचे वैमानिक आणि अंतराळवीर होते. तरीही उड्डाणानंतर ८२ सेकंदांनी बाहेरच्या टाकीवरून सुटलेला फोमचा तुकडा पंखावर आदळल्याचे दिसत असताना, कक्षेतल्या यानाची छायाचित्रे घ्या, ही अभियंत्यांची विनंती मान्य झाली नाही. ॲडमिरल गेहमन यांच्या चौकशी मंडळाने ऑगस्ट २००३ मध्ये लिहिले की चॅलेंजरच्या वेळची संस्थेची वृत्तीच पुन्हा दिसली.

यावरून काय निष्कर्ष काढायचा? अंतराळवीर असून उपयोग नाही, असा काढता येईल. मला तो पटत नाही. मला दिसते ते असे की खुर्चीवर माणूस बसवला आणि खुर्चीला अधिकार जोडला नाही, तर माणूस हळूहळू खुर्चीसारखाच होतो. वेळापत्रक, निधी, वरून येणारा दबाव हे सगळे त्याच्याही अंगवळणी पडते. म्हणून त्या मंडळाने वेळापत्रकाशी आणि निधीशी संबंध नसलेला, स्वतंत्र तांत्रिक अधिकार असलेला गट हवा असे सुचवले. म्हणजे दोन गोष्टी एकत्र लागतात: यानात बसलेला माणूस, आणि त्याच्या नकाराला आधार देणारा नियम. पहिली गोष्ट रॉजर्स आयोगाने सांगितली, दुसरी गेहमन मंडळाने. एकीवर भागवता येत नाही, हे सात माणसांच्या मृत्यूने सिद्ध झाले आहे.

आता सर्वोच्च खुर्चीचा प्रश्न. बोल्डन चार वेळा अवकाशात गेले. १९९० साली हबल दुर्बीण कक्षेत सोडणाऱ्या डिस्कव्हरीचे ते वैमानिक होते. १९९२ साली अटलांटिसचे कमांडर. १९९४ साली अमेरिकी शटलमधून उडणारे पहिले रशियन अंतराळवीर सर्गेई क्रिकालेव्ह यांना घेऊन गेलेल्या मोहिमेचेही तेच कमांडर. तिच्याबद्दल विचारणा झाली तेव्हा, ज्यांना मारण्याचे शिक्षण मी आयुष्यभर घेतले त्यांच्याबरोबर मी उडणार नाही, असे त्यांचे पहिले उत्तर होते. मग क्रिकालेव्ह यांना भेटले, जेवले, बोलले आणि मत बदलले. लष्करी माणूस नागरी संस्थेत काय घेऊन येतो याची चर्चा करताना हा प्रसंग लक्षात ठेवावा. शत्रू कोण हे शिकवलेला माणूस ते शिक्षण बाजूला ठेवायलाही शिकू शकतो. पण तशी संधी त्याला मिळावी लागते.

तरीही नासाचे प्रशासकपद त्यांना १९९४ साली मिळाले नाही, ते मिळाले २००९ मध्ये. मधली पंधरा वर्षे माझ्या दृष्टीने चारही उड्डाणांहून मोलाची आहेत. ते मरीन कोअरमध्ये परत गेले. नौदल अकादमीत, जिथे प्रवेशासाठी त्यांना एवढी पत्रे लिहावी लागली होती, तिथे छात्रांचे उपप्रमुख झाले. १९९८ साली मेजर जनरल झाले. २००० ते २००२ या काळात तिसऱ्या मरीन एअरक्राफ्ट विंगचे नेतृत्व केले. चौदा वर्षे दुसऱ्या संस्थेत काढून आलेल्या अधिकाऱ्याला त्याच्या दलाने बढतीच्या रांगेतून बाहेर काढले नाही. त्याआधी नासाच्या मुख्यालयातही त्यांनी काही काळ काम केले होते. हजारो माणसे, मोठा निधी आणि राजकारण्यांचे दूरध्वनी हे सगळे हाताळलेला माणूस २००९ साली त्या खुर्चीवर बसला. नियमित प्रशासक म्हणून नेमले गेलेले ते पहिले कृष्णवर्णीय. त्यांच्या आधी या पदावर बसलेले अंतराळवीर एकटे ट्रुलीच.

आणि तरीही त्यांची कारकीर्द निर्विवाद यशाची नव्हती. फेब्रुवारी २०१० मध्ये ओबामा सरकारने चंद्रावर परत जाण्याचा कॉन्स्टेलेशन कार्यक्रम रद्द करायचे ठरवले आणि कर्मचाऱ्यांना हे धड सांगितलेही गेले नाही. त्याबद्दल बोल्डन यांनी त्यांची माफी मागितली. अंतराळवीर नेण्याचे काम खासगी कंपन्यांना द्यायचे होते. याला विरोध कोणी केला? नील आर्मस्ट्राँग, जिम लॉव्हेल आणि यूजीन सर्नन यांनी. चंद्रापर्यंत गेलेली ही तीन माणसे. त्यांचा शब्द अमेरिकेत ब्रह्मवाक्य मानला जाई. पण पुढे काय झाले? ३० मे २०२० रोजी स्पेसएक्स या खासगी कंपनीचे ड्रॅगन यान दोन अंतराळवीरांना घेऊन उडाले आणि नऊ वर्षे रशियन सोयुझ यानांवर अवलंबून असलेली अमेरिका पुन्हा आपल्या भूमीवरून माणसे पाठवू लागली. आपले शुक्लाही त्याच प्रकारच्या यानातून गेले. अवकाशात गेलेला माणूस यानाबद्दल बोलतो तेव्हा ऐकावे. धोरणाबद्दल बोलतो तेव्हा त्याचे मत इतरांच्या मतासारखेच तपासून घ्यावे.

बोल्डन यांच्याबाबतही हाच न्याय लावायला हवा. खासगी कंपन्यांचा आग्रह त्यांच्यापेक्षा त्यांच्या उपप्रशासक लोरी गार्व्हर यांनी अधिक धरला. बोल्डन सुरुवातीला साशंक होते. नंतर मात्र त्यांनी तो कार्यक्रम नेटाने राखला. काँग्रेस मागितलेला निधी देईना, तेव्हा ऑगस्ट २०१५ मध्ये त्यांनी काँग्रेसला स्पष्ट लिहून कळवले की तुमच्या हात आखडण्यामुळे रशियाला सहा आसनांसाठी सुमारे ४९ कोटी डॉलर द्यावे लागत आहेत. दुसरीकडे, काँग्रेसने २०१० च्या कायद्याने लादलेले एसएलएस हे महाकाय रॉकेट त्यांच्याच काळात रुजले, आणि मूळ वेळापत्रकाहून कितीतरी उशिरा, नोव्हेंबर २०२२ मध्ये, पहिल्यांदा उडाले. मला विचाराल तर प्रशासक म्हणून बोल्डन चांगले होते, थोर नव्हते. नासाच्या इतिहासात थोर म्हणावा असा प्रशासक जेम्स वेब. अपोलोचा पाया रचणारा हा माणूस ना वैज्ञानिक होता ना अंतराळवीर. कायद्याचे शिक्षण आणि सरकारी कारभाराचा अनुभव ही त्याची शिदोरी. (तरुणपणी तोही मरीन कोअरमध्ये वैमानिक होता, पण त्याचे यश त्यात नव्हते.)

तेव्हा लष्करी वैमानिक, मग अंतराळवीर, मग संस्थाप्रमुख अशी आपोआप वर जाणारी शिडी कोणी बांधू पाहत असेल तर तिला माझा विरोध आहे. अमेरिकेच्या कायद्याने तर १९५८ पासूनच नासाचा प्रशासक नागरी जीवनातून घेतला जावा असे बजावले आहे. ट्रुली १९८९ साली गणवेशात होते म्हणून काँग्रेसला त्यांच्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. ती काळजी योग्यच होती. अवकाश संस्था लष्कराची शाखा वाटू लागली तर जगातल्या इतर संस्था तिच्याशी मोकळेपणाने काम करत नाहीत, आणि विज्ञान मागे पडते. निवृत्त मेजर जनरल बोल्डन यांनी ही नागरी मर्यादा नीट पाळली. त्याचा एक पुरावा आपल्याशीच जोडलेला आहे. ३० सप्टेंबर २०१४ रोजी टोरांटोमध्ये त्यांनी आणि इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष के. राधाकृष्णन यांनी निसार उपग्रहाच्या करारावर सह्या केल्या. तो उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून आपल्या जीएसएलव्ही रॉकेटने कक्षेत नेला. हिमनद्यांची हालचाल, जमिनीची धसण, पिकांखालची जमीन हे सगळे टिपणारे ते काम लष्करी नाही, लोकांच्या रोजच्या उपयोगाचे आहे.

आता आपल्याकडे येतो. विक्रम साराभाईंपासून व्ही. नारायणन यांच्यापर्यंत भारताच्या अवकाश कार्यक्रमाचे सर्व प्रमुख वैज्ञानिक किंवा अभियंते आहेत. त्या परंपरेने आपल्याला पुष्कळ दिले आणि ती मोडावी असे मला मुळीच वाटत नाही. पण उपग्रह सोडणे आणि माणूस पाठवणे यांत जातीचा फरक आहे. मे २०२५ मध्ये पीएसएलव्ही-सी६१ हे रॉकेट अपयशी ठरले तेव्हा एक उपग्रह गेला. तो पुन्हा बांधता येतो.

राकेश शर्मा १९८४ साली सोयुझमधून सॅल्युट-७ या सोव्हिएत अवकाश स्थानकावर जाऊन आले. त्यानंतर काही वर्षांनी ते हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या नाशिक विभागात मुख्य टेस्ट पायलट होते. ओझरच्या धावपट्टीवरून लढाऊ विमाने तपासत होते. ते काम मोलाचेच होते. पण त्यांचा अवकाशातला अनुभव मुरावा असे ठिकाण देशात नव्हते, कारण मानवी अवकाश उड्डाणाचा कार्यक्रमच नव्हता. आज तो आहे. १५ ऑगस्ट २०१८ रोजी लाल किल्ल्यावरून गगनयानाची घोषणा झाली, २०१९ साली बंगळुरूला मानवी अवकाश उड्डाण केंद्र उभे राहिले. २०३५ पर्यंत स्वतःचे अवकाश स्थानक आणि २०४० पर्यंत चंद्रावर भारतीय, अशी उद्दिष्टे ठरली आहेत. आता 'ठिकाण नव्हते' हे कारण चालणार नाही.

इस्रोच्या बाजूने एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. जून २०२५ मध्ये शुक्लांचे उड्डाण तोंडावर आले असताना त्यांना नेणाऱ्या फाल्कन-९ या स्पेसएक्सच्या रॉकेटमध्ये द्रव ऑक्सिजनची गळती आढळली आणि उड्डाण पुढे ढकलले गेले. दुरुस्ती पूर्ण झाल्याशिवाय उडायचे नाही, असा आग्रह आमच्या चमूने धरला, असे नारायणन यांनी नंतर सांगितले. १९८६ च्या जानेवारीतला बोल्डन यांचा ऑक्सिजन आठवावा असा हा प्रसंग. ही वृत्ती आपल्याकडे आहे, याचा मला मनापासून आनंद आहे. पण ती तिथे हजर असलेल्या माणसांची वृत्ती होती. उद्या माणसे बदलतील, घोषणेची तारीख जवळ आलेली असेल, वरून विचारणा होत असेल. तेव्हा वृत्तीला नियमाचा आधार लागेल. परक्याच्या रॉकेटसमोर आग्रह धरणे त्यामानाने सोपे असते, स्वतःच्या रॉकेटसमोर तो धरणे फार कठीण असते.

म्हणून माझ्या मागण्या अगदी व्यवहारी आहेत. गगनयानाच्या उड्डाण सिद्धता आढाव्यात किमान एक अंतराळवीर, जो त्या उड्डाणात जाणार नाही असा, मतदानाचा आणि लेखी हरकतीचा अधिकार असलेला सदस्य म्हणून असावा. त्याची हरकत दूर न करता पुढे जायचे ठरले तर ते कोणी आणि का ठरवले याची नोंद राहावी, आणि ती उड्डाणाआधी संस्थेच्या अध्यक्षांसमोर जावी. चॅलेंजरच्या आदल्या रात्री नेमकी हीच एक पायरी नव्हती. सुरक्षा विभागाच्या कामाचा काही काळ प्रत्येक अंतराळवीराच्या वाट्याला यावा, जसा तो बोल्डन यांच्या वाट्याला आला. हवाई दलाने या अधिकाऱ्यांच्या बढतीची वाट मोकळी ठेवावी. अवकाश कार्यक्रमात काढलेली वर्षे त्यांच्या सेवापुस्तकात खड्डा ठरू नयेत. ज्यांना परत न जाता इस्रोतच राहायचे आहे त्यांच्यासाठी गणवेश उतरवून नागरी पदावर येण्याची स्पष्ट वाट असावी. यातून वीस वर्षांत एखादा माणूस केंद्राचा संचालक होईल, कदाचित संस्थेचा अध्यक्षही. तो तिथे पोहोचला तर मधल्या वर्षांच्या कामामुळे पोहोचावा.

आणि दाराचा प्रश्न उरतोच. आपले चारही अंतराळवीर हवाई दलाचे टेस्ट पायलट आहेत आणि चारही पुरुष आहेत. यात निवड करणाऱ्यांचा दुजाभाव होता असे म्हणता येणार नाही. हवाई दलाने लढाऊ विमाने मुलींना पहिल्यांदा दिली ती जून २०१६ मध्ये, अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंग यांना. २०१९ साली गगनयानाची निवड झाली तेव्हा टेस्ट पायलट म्हणून पुरेसा अनुभव असलेली स्त्री असणे शक्यच नव्हते. म्हणजे निवड निष्पक्ष होती आणि तरीही निकाल आधीच ठरलेला होता. साउथ कॅरोलिनातल्या त्या मुलाच्या बाबतीत दार उघडपणे बंद होते. इथे ते कोणी मुद्दाम बंद केले नाही, पण पलीकडे उभ्या असलेल्या मुलीला त्याने काय फरक पडतो? नासाने १९७८ साली वैज्ञानिक, डॉक्टर, अभियंते यांना मिशन स्पेशालिस्ट म्हणून घेतले तेव्हा एका फटक्यात सहा स्त्रिया आणि तीन कृष्णवर्णीय आत आले. त्यांच्यातला एक मॅकनेअर होता, आणि त्याने बोल्डनला आत ओढले. नंतरच्या काळात हवाई दलाची टेस्ट पायलट पॅम मेलरॉय शटलची कमांडर झाली आणि २०२१ साली नासाची उपप्रशासक. पुढची निवड करताना आपणही वैमानिकांबरोबर वैज्ञानिकांना आणि डॉक्टरांना घ्यावे. अवकाश स्थानक चालवायचे असेल तर त्यांची गरज तशीही पडणारच आहे. आज जी दहा माणसे निवडली जातील त्यांच्यातूनच २०४५ सालच्या निर्णयाच्या खोलीतली माणसे येणार आहेत.

गगनयानाच्या मानवरहित चाचण्या पूर्ण होऊन माणसाच्या पहिल्या उड्डाणाची तारीख जाहीर होईल तेव्हा तिच्याबरोबर आणखी एक गोष्ट जाहीर व्हावी. त्या सकाळी 'थांबा' म्हणण्याचा लेखी अधिकार कोणाकोणाकडे आहे, आणि त्यांच्यापैकी किती जण स्वतः अशा यानात बसले आहेत किंवा बसणार आहेत, ती यादी नावांनिशी लोकांसमोर यावी.